इंजिन प्रतिस्पर्ध्याचं, गाडी आपली: फॉर्म्युला वनमधल्या स्वतंत्र टीम्सचं गणित

मार्च २०२४, मेलबर्न. ऑस्ट्रेलियन ग्रां प्रीचा शुक्रवार. सरावाच्या पहिल्याच सत्रात विल्यम्सच्या अ‍ॅलेक्स अल्बनने गाडी भिंतीवर घातली. तो सुखरूप बाहेर आला, पण चॅसी, म्हणजे गाडीचा कार्बन फायबरचा मूळ सांगाडा, ट्रॅकवर दुरुस्त होण्यापलीकडे गेली. एरवी अशा वेळी टीम जादा आणलेली चॅसी बाहेर काढते, मेकॅनिक रात्र जागवतात आणि शनिवारी गाडी उभी राहते. विल्यम्सकडे जादा चॅसी नव्हतीच. ती इंग्लंडच्या कारखान्यात अजून तयार व्हायची होती. टीमप्रमुख जेम्स वाउल्स यांनी मग दुसरा ड्रायव्हर लोगन सार्जंट याची धडधाकट गाडी काढून अल्बनला दिली. ज्याने काहीच केलं नव्हतं तो सार्जंट शर्यत बघत बसला. अल्बन अकरावा आला. गुण दहाव्या क्रमांकापर्यंतच मिळतात.

ही टीम कुणी नवखी नव्हे. विल्यम्सच्या नावावर ९ कन्स्ट्रक्टर्स, म्हणजे टीम्सची, अजिंक्यपदं आहेत. त्याच सुमारास वाउल्स यांनी आणखी एक गोष्ट उघडपणे सांगून टाकली: गाडीच्या सुमारे २०,००० भागांचा हिशेब टीम एक्सेलच्या शीटवर ठेवत होती. कुठला भाग बनून तयार आहे, कुठला अजून बनतोय, कशाला किती वेळ लागणार, हे त्या शीटमधून धड कळत नसे. वाउल्स मर्सिडीजहून आले होते, त्यांना धक्का बसणं साहजिकच होतं.

एवढ्या मोठ्या नावावर ही वेळ का आली, याचं उत्तर एका मालकाच्या किंवा एका मोसमाच्या चुकीत सापडत नाही. फॉर्म्युला वनमध्ये पैसा कसा येतो, कसा वाटला जातो आणि इंजिन कुणाकडून मिळतं, या तीन गोष्टी समजल्या की चित्र बरंच स्पष्ट होतं.

आधी ‘स्वतंत्र’ कुणाला म्हणायचं ते ठरवू. जी टीम मोटार कंपनीच्या मालकीची नाही, गाडी स्वतः बनवते पण इंजिन विकत घेते, ती स्वतंत्र. ढोबळ व्याख्या आहे, पण पुरेशी. फेरारी किंवा मर्सिडीज इंजिनही स्वतःचं बनवतात आणि गाडीही. त्यांना पॅडॉकमध्ये वर्क्स टीम म्हणतात, आणि इंजिन घेणाऱ्यांना कस्टमर टीम.

आता २०२६ चं ग्रिड, म्हणजे शर्यतीत उतरणाऱ्या टीम्सची रांग, बघा. टीम्स अकरा. यांतल्या फेरारी, हास आणि कॅडिलॅक या तीन टीम्स बाजूला ठेवा. बाकी आठांच्या मुळाशी कुणी ना कुणी एकटा माणूस आहे. मर्सिडीजची वंशावळ केन टिरेल या लाकडाच्या व्यापाऱ्यापर्यंत जाते. टिरेल, मग बीएआर, मग होंडा, मग ब्रॉन, मग मर्सिडीज. अ‍ॅस्टन मार्टिन म्हणजे मूळची एडी जॉर्डनची टीम. अल्पीन ही गाड्यांच्या वाहतुकीचा धंदा करणाऱ्या टेड टोलमनने सुरू केलेली, रेसिंग बुल्स ही इटलीतल्या फाएन्झा गावच्या जानकार्लो मिनार्डीची, ऑडी ही स्वित्झर्लंडच्या पीटर सॉबरची. रेड बुल जॅकी स्ट्युअर्टने मुलासोबत काढलेल्या टीमवर उभी आहे. मध्ये काही वर्षं तिच्यावर जॅग्वारची पाटी होती. विल्यम्स आणि मॅक्लारेन यांच्या दारावर संस्थापकांची नावं अजून आहेत, पण मालकी केव्हाच हलली. ज्याने टीम काढली तोच अजून मालक आहे, असं एकच उदाहरण उरलंय: अमेरिकेचे जीन हास.

म्हणजे स्वतंत्र टीम्स नामशेष झाल्या हे अर्धसत्य आहे. त्या विकल्या गेल्या, आणि त्यांच्याच पायावर आजचं जवळजवळ सगळं ग्रिड उभं आहे.

साडेसात हजार पौंडांचं इंजिन

एके काळी गाडीसुद्धा स्वतः बनवायची गरज नव्हती. पैसेवाला शौकीन कूपर किंवा लोटसकडून गाडी विकत घ्यायचा, ड्रायव्हर बसवायचा आणि फॅक्टरीच्या गाड्यांना हरवायचा. रॉब वॉकर हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. स्टर्लिंग मॉसने १९५८ साली अर्जेंटिनात वॉकरची कूपर पहिली आणली. वॉकरच्याच लोटसमध्ये जो सिफर्टने १९६८ ची ब्रिटिश ग्रां प्री ब्रँड्स हॅचवर जिंकली, आणि अशा खासगी शौकिनाचा तो शेवटचा विजय मानला जातो.

पण खरा बदल त्याच्या आदल्या वर्षी होऊन गेला होता. कीथ डकवर्थ आणि माइक कॉस्टिन यांच्या नॉर्दॅम्प्टनच्या कॉसवर्थ कंपनीने फोर्डकडून एक लाख पौंड घेऊन डीएफव्ही हे व्ही-८ इंजिन बनवलं. जून १९६७ मध्ये नेदरलंड्समधल्या झांडवूर्टला ते पहिल्यांदा शर्यतीत उतरलं आणि जिम क्लार्कने लोटसमधून ती शर्यत जिंकली. पहिल्याच दिवशी विजय. सुरुवातीला इंजिन फक्त लोटससाठी होतं, पण फोर्डच्या लक्षात आलं की एकाच टीमकडे ते राहिलं तर शर्यतीत मजाच उरणार नाही. पुढच्या वर्षापासून ते इतरांनाही विकायला काढलं. किंमत साडेसात हजार पौंड.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. इंजिन कॉसवर्थचं, गिअरबॉक्स ह्यूलंडचा, टायर बाजारातले. उरलं फक्त अ‍ॅल्युमिनियमची चॅसी आणि सस्पेन्शन, आणि ते काम इंग्लंडमध्ये एखाद्या शेडमध्ये डोकेबाज डिझायनर आणि पाच-दहा फॅब्रिकेटर मिळून करू शकत होते. टिरेलची टीम ऑकमच्या लाकडाच्या वखारीतून चालायची. तिथूनच जॅकी स्ट्युअर्टने १९७१ आणि १९७३ ची विजेतेपदं मिळवली. एन्झो फेरारी या मंडळींना हिणवून ‘गॅराजिस्ती’ म्हणत, म्हणजे गॅरेजवाले. या गॅरेजवाल्यांच्या डीएफव्हीने १९८३ पर्यंत १५५ शर्यती जिंकल्या.

फ्रँक विल्यम्स याच काळातला माणूस. टेलिफोनचं बिल थकल्यामुळे फोन कापला गेला तेव्हा तो रस्त्यावरच्या फोन बूथमधून टीमचा कारभार हाकत असे. पहिली टीम १९७६ साली वॉल्टर वुल्फ या कॅनडाच्या तेलवाल्याच्या हाती गेली. मग त्याने १९७७ मध्ये डिडकॉटला पुन्हा मांडामांड केली, आणि दोन वर्षांत सिल्व्हरस्टोनला क्ले रेगाझोनीने विल्यम्सचा पहिला विजय मिळवला. मार्च १९८६ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेत मोटार अपघातात फ्रँकचं शरीर मानेखाली लुळं पडलं. त्या वर्षी टीमने अजिंक्यपद मिळवलं, आणि नंतर आणखी सहा. माझ्या मते स्वतंत्र टीम काय करू शकते याची सर्वोच्च रेषा तीच. आजवर कुणी ती ओलांडलेली नाही.

आता तुलना करा. २०१४ पासून आलेल्या हायब्रिड टर्बो इंजिनांसाठी कस्टमर टीमला वर्षाला दीड-दोन कोटी युरोंच्या घरात पैसे मोजावे लागू लागले. शिवाय ते इंजिन देणारा कॉसवर्थसारखा तटस्थ दुकानदार राहिला नव्हता. गल्लीत समोरासमोर दोन खानावळी असाव्यात आणि एकीने रोजचा मसाला दुसरीकडूनच विकत घ्यावा, असा तो प्रकार. समोरच्याने भाव वाढवला तरी गप्प बसायचं, आणि त्याने स्वतःसाठी चांगला मसाला बाजूला काढून ठेवला तरी गप्प बसायचं. अनेक वर्षं कस्टमर टीम्सची तक्रार हीच होती: इंजिन तेच, पण त्यातून जास्त ताकद काढणारे सेटिंग वर्क्स टीमकडेच. जागतिक संघटना एफआयएने २०१८ पासून नियम घट्ट केले आणि सगळ्या गाड्यांना सारखं हार्डवेअर, सारखं सॉफ्टवेअर देणं बंधनकारक झालं. हा नियम कागदावर दोन ओळींचा वाटतो. त्याने काय उलथापालथ केली ते पुढे येईलच.

गुण एक, किंमत कोटीत

टीव्हीचे हक्क, ट्रॅकवाल्यांकडून मिळणारं यजमानपदाचं शुल्क आणि मोठे प्रायोजक यांतून फॉर्म्युला वनचा गल्ला भरतो. त्यातला मोठा हिस्सा टीम्सना मिळतो. २०२४ साली ही रक्कम सव्वा अब्ज डॉलरच्या वर गेली. ती कशी वाटायची हे ‘कॉन्कॉर्ड करार’ ठरवतो. पहिला करार १९८१ चा, आणि त्यानंतरच्या प्रत्येक करारावेळी भांडण ठरलेलं.

भांडण का, ते २०१३ ते २०२० मधली वाटणी पाहिली की कळतं. थोडा भाग सगळ्यांना सारखा, थोडा क्रमांकाप्रमाणे, इथपर्यंत ठीक. त्यावर फेरारीला ‘सर्वांत जुनी टीम’ म्हणून वेगळा बोनस. त्यावर निवडक मोठ्या टीम्सना आणखी वेगळे बोनस. परिणाम असा, की मर्सिडीज जिंकत होती आणि तिच्यामागे राहिलेली फेरारी तिच्यापेक्षा जास्त पैसे घरी नेत होती. सॉबर आणि फोर्स इंडिया यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये याविरुद्ध युरोपियन महासंघाच्या स्पर्धा आयोगाकडे तक्रार नोंदवली. पुढे फॉर्म्युला वनची मालकी बदलल्यावर, २०१८ च्या सुरुवातीला, ती मागे घेतली.

त्यात आणखी एक ग्यानबाची मेख आहे. यंदा ज्या क्रमांकावर याल त्याचे पैसे पुढच्या वर्षी हप्त्याहप्त्याने मिळतात. पुरवठादारांची बिलं आणि पगार मात्र आज द्यायचे. म्हणून शेपटाकडच्या टीमचं दिवाळं मोसम संपताना किंवा नवा सुरू होण्याआधी निघतं. बहुतेक वेळा याच महिन्यांत.

मॅनॉरची गोष्ट बघा. २०१० साली तीन नव्या टीम्स फॉर्म्युला वनमध्ये आल्या. तेव्हाचे एफआयए अध्यक्ष मॅक्स मोझली यांनी चार कोटी पौंडांच्या खर्चमर्यादेचा प्रस्ताव मांडला होता, त्याच्या भरवशावर त्यांनी अर्ज केले. मोठ्या टीम्सनी वेगळी चूल मांडण्याची धमकी दिली, मर्यादा बारगळली, आणि या तिघी बिचाऱ्या चौपट-पाचपट खर्च करणाऱ्यांसमोर उभ्या ठाकल्या. एचआरटी २०१२ च्या अखेरीस संपली. केटरहॅमने २०१४ ची शेवटची शर्यत गाठण्यासाठी इंटरनेटवर लोकवर्गणी गोळा केली, आणि त्यानंतर तीही संपली. तिसरी टीम आधी व्हर्जिन, मग मारुशिया, मग मॅनॉर म्हणून तग धरून राहिली, कारण २०१४ च्या मोनॅको ग्रां प्रीत ज्यूल बियांकीने नववा येऊन दोन गुण मिळवले होते. त्या दोन गुणांच्या बक्षिसाच्या जोरावर टीम २०१५ मध्ये परत उभी राहिली. बियांकी मात्र नव्हता. ऑक्टोबर २०१४ मध्ये सुझुकाला झालेल्या अपघातातून तो सावरलाच नाही, आणि पुढच्या जुलैत गेला.

२०१६ मध्ये ऑस्ट्रियात पास्कल वेरलाइनने दहावा येऊन मॅनॉरला एक गुण मिळवून दिला. सॉबरच्या खात्यात शून्य. अकरा टीम्समध्ये दहावी जागा मॅनॉरची, आणि दहावीपर्यंतच मोठ्या वाटणीचे पैसे. मोसम संपायला दोन शर्यती उरल्या असताना ब्राझीलमध्ये धो धो पाऊस पडला. गाड्या घसरत होत्या, शर्यत पुनःपुन्हा थांबत होती. मॅनॉरचा एस्तेबान ओकोन बराच वेळ पहिल्या दहात होता. शेवटी तो बारावा आला. सॉबरचा फेलिपे नासर, घरच्या प्रेक्षकांसमोर, नववा. दोन गुण. एका ओल्या दुपारी एक कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम एका टीमच्या खात्यातून दुसऱ्या टीमच्या खात्यात गेली. जानेवारीत मॅनॉर दिवाळखोरीत निघाली, आणि पुढचा मोसम तिने पाहिला नाही.

याच घाईगर्दीत ड्रायव्हर विकत घेण्याची, खरं तर ड्रायव्हरची सीट विकण्याची प्रथा रुजली. चांगला वेग असलेल्या पोराऐवजी ज्याच्या मागे प्रायोजकाची किंवा वडिलांची थैली आहे त्याला घ्यायचं. आपण याला नाकं मुरडतो, पण एक आठवण ठेवावी: १९९१ साली एडी जॉर्डनला बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवरच्या शर्यतीसाठी तातडीने ड्रायव्हर हवा होता, कारण त्याचा बर्त्राँ गाशो लंडनच्या टॅक्सीवाल्याच्या तोंडावर गॅस फवारल्याबद्दल तुरुंगात गेला होता. मर्सिडीजने पैसे मोजून आपला एक तरुण त्या सीटवर बसवला. त्याचं नाव मायकल शुमाकर. एका शर्यतीनंतर बेनेटनने त्याला पळवलं, तेही स्वतंत्र टीमच्या नशिबाला धरूनच.

आपली म्हणावी अशी टीम

भारतीयांना हा खेळ आतून कळला तो जॉर्डनच्याच वंशातून. युरोपात तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी येऊ घातली होती, पिवळ्याधमक जॉर्डनचा मोठा आधार सिगारेट कंपनीचा होता, आणि २००५ च्या सुरुवातीला एडीने टीम विकली. त्याच मोसमात तिच्या गाडीत नारायण कार्तिकेयन बसला, फॉर्म्युला वनचा पहिला भारतीय ड्रायव्हर. मिडलँड, मग स्पायकर असे मालक बदलले, आणि २००७ च्या अखेरीस विजय मल्ल्या यांनी ती घेऊन २००८ च्या मोसमापासून फोर्स इंडिया नाव दिलं.

टीम सिल्व्हरस्टोनलाच राहिली. कामगार बहुतेक इंग्रज. तरी नाव आपलं होतं, नंतर गाडीवर तिरंग्याचे रंग आले. २००९ मध्ये स्पाला जानकार्लो फिसिकेलाने पोल पोझिशन, म्हणजे शर्यत सुरू होतानाची पहिली जागा, घेतली आणि दुसरा आला, तेव्हा घरोघरी फॉर्म्युला वन न बघणारेही बातम्या बघत होते. टीमने २०११ मध्ये भारतात पोरं हेरण्याची मोहीम काढली, त्यातून निवडला गेलेला मुंबईचा जेहान दारूवाला पुढे फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकून आला.

फोर्स इंडियाची खरी करामत पैशाच्या हिशेबात आहे. मोठ्या टीम्सच्या तुलनेत फार कमी खर्चात ती २०१६ आणि २०१७ मध्ये चौथी आली. मर्सिडीजकडून इंजिन आणि गिअरबॉक्स घ्यायचा, जुन्या डिझाइनमधून जेवढं पिळता येईल तेवढं पिळायचं, आणि शनिवार-रविवारी चूक करायची नाही. पण २०१८ पर्यंत मालक स्वतःच कोर्टकचेऱ्यांत अडकले होते आणि टीमकडे रोकड उरली नव्हती. सर्जियो पेरेझला टीमकडून पैसे येणं होतं. त्याने लंडनच्या कोर्टात अर्ज केला आणि जुलैत टीम प्रशासकाच्या ताब्यात गेली. दिसायला ड्रायव्हरने आपल्याच टीमवर केलेला वार, पण तो तसा नव्हता. दुसऱ्या एका देणेकऱ्याने टीमचा लिलाव मांडण्याआधी तिला वाचवायचा तो मार्ग होता, आणि ४०५ नोकऱ्या शाबूत राहिल्या.

लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाने टीम घेतली. कायद्याने ती नवी कंपनी, म्हणून तोवरचे सगळे ५९ गुण पुसले गेले. पुढच्याच शर्यतीत, स्पाला, शून्यावरून सुरुवात करताना पेरेझ पाचवा आणि ओकोन सहावा आला; एका दिवसात १८ गुण. माणसं तीच होती, साहित्य तेच होतं. फक्त बिलं भरली गेली होती.

असेच हाल तेव्हा लोटस नाव लावणाऱ्या टीमचे, म्हणजे आजच्या अल्पीनचे. २०१५ मध्ये हंगेरीत पैसे चुकते होईपर्यंत पिरेलीने टायर अडवून ठेवले. जपानमध्ये पाहुण्यांची खोली बंद राहिली, कारण तिचं भाडं थकलं होतं. मधल्या काळात स्पाला रोमाँ ग्रोजाँने त्याच गाडीतून तिसरा क्रमांक आणला! शेवटी रेनॉने ती टीम नावापुरत्या एका पौंडात घेतली, अर्थात कर्जासकट.

मर्यादा आली, भाव वाढले

खर्चमर्यादा अखेर २०२१ मध्ये लागू झाली. पहिल्या वर्षी १४.५ कोटी डॉलर, नंतर १४ आणि १३.५ कोटी. ड्रायव्हरचा पगार, तीन सर्वोच्च अधिकाऱ्यांचा पगार, जाहिरात आणि इंजिन त्यात धरत नाहीत. रेड बुलने पहिल्याच वर्षी मर्यादा ओलांडली. ७० लाख डॉलर दंड झाला आणि विंड टनेलच्या, म्हणजे गाडीवर वारा सोडून चाचण्या घेण्याच्या बोगद्याच्या, वेळेत दहा टक्के कपात. काहींना हा दंड किरकोळ वाटला. मलाही वाटतो, पण मोठ्या टीमला हिशेबाच्या वहीसाठी शिक्षा झाली हेच त्या खेळात नवं होतं.

विंड टनेलचा नियम मला खर्चमर्यादेहून हुशार वाटतो. जो अजिंक्य, त्याला हवेच्या चाचण्यांचा ठरलेला कोटा फक्त ७० टक्के मिळतो. दुसऱ्याला ७५, तिसऱ्याला ८०, असं करत दहाव्याला ११५ टक्के. जिंकाल तेवढं शिकायला कमी मिळेल. यात पैशाची वाटणी नाही, वेळेची आहे, आणि वेळ बँकेतून काढता येत नाही.

आणि मग आलं ते उलथापालथीचं वर्ष. २०२४ मध्ये मॅक्लारेनने कन्स्ट्रक्टर्स अजिंक्यपद जिंकलं, १९९८ नंतर पहिल्यांदा, मर्सिडीजकडून विकत घेतलेल्या इंजिनावर. मर्सिडीजची स्वतःची टीम चौथी. २०२५ मध्ये मॅक्लारेनने ते राखलं आणि लँडो नॉरिस ड्रायव्हर्स चॅम्पियन झाला. सारख्या सॉफ्टवेअरचा नियम, सारखा खर्च आणि उलटी विंड टनेल-वाटणी एकत्र आली की कस्टमर टीम काय करू शकते, त्याचा हा पुरावा. विल्यम्ससुद्धा २०२५ मध्ये पाचवी आली, बाकूला कार्लोस साइन्झने तिसरा क्रमांक मिळवला. एक्सेलच्या शीटपासून पोडियमपर्यंत दीड वर्ष.

पण मॅक्लारेनला ‘स्वतंत्र’ म्हणताना जीभ जरा अडखळते. ती मोटार कंपनीची वर्क्स टीम नाही हे खरं. तिच्यामागे आखाती सरकारांच्या निधीचा पैसा आहे, आणि २०२१ मध्ये तिने आपलं वोकिंगचं झगझगीत मुख्यालय विकून भाड्याने परत घेतलं होतं हेही खरं. विल्यम्स कुटुंबाने ऑगस्ट २०२० मध्ये टीम डोरिल्टन कॅपिटल या अमेरिकन गुंतवणूक कंपनीला १५.२ कोटी युरोंना विकली. सप्टेंबरमध्ये मोंझानंतर कुटुंब गॅरेजमधून बाहेर पडलं. फ्रँक त्यानंतर जेमतेम सव्वा वर्ष जगले.

खर्चाला छत मिळालं तशी टीम तोट्याचा धंदा राहिली नाही. त्यात फॉर्म्युला वनची नवी मालक कंपनी लिबर्टी मीडियाने अमेरिकेत प्रेक्षक वाढवले. टीम म्हणजे मर्यादित संख्येतली मालमत्ता झाली, आणि भाव चढले. २०२३ मध्ये अल्पीनचा २४ टक्के हिस्सा २० कोटी युरोंना गेला. मर्सिडीजच्या टीमचं मूल्य २०२५ च्या एका व्यवहारात ६ अब्ज डॉलर धरलं गेलं. विल्यम्सच्या विक्रीचा आकडा पुन्हा एकदा बघा, म्हणजे कुटुंबाने किती चुकीच्या वर्षी विकलं ते कळेल. अर्थात त्या वर्षी करोनाने शर्यती थांबलेल्या होत्या, रोकड संपली होती आणि थांबण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

याची दुसरी बाजू दारावर दिसते. २०२१ च्या करारात नवीन टीमसाठी २० कोटी डॉलरचं शुल्क आलं, जे जुन्या दहा टीम्समध्ये वाटायचं, कारण अकराव्या ताटामुळे प्रत्येकाची वाढणी कमी होणार. मायकल अँड्रेटी हा १९७८ च्या जगज्जेत्याचा, मारिओ अँड्रेटींचा मुलगा. त्याच्या अर्जाला एफआयएने ऑक्टोबर २०२३ मध्ये होकार दिला, पण जानेवारी २०२४ मध्ये फॉर्म्युला वनच्या व्यवस्थापनाने नकार दिला. त्यांच्या मते ती टीम स्पर्धात्मक ठरणार नव्हती. मग जनरल मोटर्स पुढे आली, अँड्रेटी मागे सरले, आणि तोच प्रकल्प कॅडिलॅक नावाने मंजूर झाला. शुल्क ४५ कोटी डॉलर असल्याचं सांगितलं जातं. एकही नट न आवळता, नुसत्या प्रवेशासाठी. विल्यम्सची अख्खी टीम, कारखाना, विंड टनेल आणि नाव धरून, त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत गेली होती.

म्हणजे जुन्या टीम्सना वाचवणाऱ्या नियमांनीच नव्या टिरेलचा रस्ता बुजवला. मला हा सौदा पटतो. ४०५ जणांचे पगार दर हिवाळ्यात टांगणीला लागण्यापेक्षा दार जड असलेलं बरं. पण लाकडाच्या वखारीतून जगज्जेता निघण्याची शक्यता त्यात गेली, आणि हे फॉर्म्युला वनच्या जाहिरातीत कुणी बोलत नाही.

पुढे काय

मोटार कंपन्या आल्या की वाजतगाजत येतात आणि एका संचालक मंडळाच्या बैठकीत निघून जातात. डिसेंबर २००८ मध्ये होंडा गेली, जुलै २००९ मध्ये बीएमडब्ल्यूने जाहीर केलं, नोव्हेंबरमध्ये टोयोटा. वर्षभरात तीन. होंडाची टीम रॉस ब्रॉन यांनी एका पौंडात घेतली आणि २००९ चं दुहेरी अजिंक्यपद जिंकलं. ती परीकथा म्हणून सांगितली जाते, पण ती गाडी होंडाच्या पैशाने बनलेली होती हे विसरू नये. आता रेनॉने २०२५ नंतर फॉर्म्युला वनचं इंजिन बनवणंच थांबवलं, आणि तिचीच अल्पीन मर्सिडीजचं इंजिन विकत घेतेय. एक मोटार कंपनी दुसरीची गिऱ्हाईक!

२०२६ चं नवं इंजिन जवळपास निम्मी ताकद विजेतून काढतं, इंधन शाश्वत स्रोतांतलं. ते बनवणारे पाच: मर्सिडीज, फेरारी, होंडा, ऑडी आणि फोर्डच्या साथीने रेड बुल. यांतल्या एकाने जरी काढता पाय घेतला तरी कुणाची तरी गाडी इंजिनाविना राहील, म्हणून उरलेल्यांनी पुरवठा करावा अशी तरतूद नियमांत आहे. पण गिऱ्हाईकाच्या मजबुरीला नियमाने भाव ठरवता येतो, मान नाही.

दुसरा वाद एका मालकाच्या दोन टीम्सचा. सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला रेड बुलच्याच मालकीच्या धाकट्या टीमच्या (आजची रेसिंग बुल्स) डॅनियल रिकार्डोने शर्यतीच्या अगदी शेवटी सर्वांत वेगवान लॅप मारून मॅक्लारेनच्या नॉरिसचा बोनस गुण काढून घेतला. रिकार्डोला स्वतःला त्याचा उपयोग शून्य, कारण तो पहिल्या दहात नव्हता. फायदा थोरल्या टीमच्या, नॉरिसशी अजिंक्यपदासाठी झुंजणाऱ्या मॅक्स वेर्स्टापेनचा. बोनस गुण पुढच्या मोसमात रद्द झाला, दोन टीम्सची मालकी तशीच राहिली. हासने फेरारीकडून नियमात बसतील तेवढे भाग विकत घ्यावेत यावरही कुरबुर असते, पण तो वेगळा प्रकार: तिथे मालक वेगळा आहे आणि भागांचं बिल फाडलं जातं.

सध्याचे इंजिनाचे नियम २०३० पर्यंत आखलेले आहेत, नव्या कॉन्कॉर्ड कराराची मुदतही तीच. एफआयएचे अध्यक्ष मोहम्मद बेन सुलायेम त्यानंतर शाश्वत इंधनावरचं साधं व्ही-८ आणण्याच्या बाजूने जाहीरपणे बोलत आलेत. लोक यात आवाज शोधतात, टर्बोच्या आधीची ती किंकाळी. स्वतंत्र टीमच्या हिशेबनिसाने मात्र दुसरीच गोष्ट शोधावी: ते इंजिन इतकं साधं आणि स्वस्त असेल का, की शर्यतीत स्वतःची गाडी नसलेली एखादी कंपनी ते बनवून मागेल त्याला विकू शकेल? मोटार कंपन्यांना विजेच्या भागाचा अभिमान आहे आणि त्यासाठीच त्या या खेळात पैसे ओतताहेत, त्यामुळे त्या सहजासहजी मान्य करणार नाहीत. २०३० च्या वाटाघाटीत इंजिनाची किंमत कोण ठरवतं यावर ओढाताण होणार. मॅक्लारेन, विल्यम्स आणि हास यांनी तिथे एकत्र मत दिलं, तरच त्यांच्या मताला वजन येईल. आजवर त्या क्वचितच एकत्र आल्या आहेत, कारण ज्याच्याविरुद्ध मत द्यायचं त्याच्याकडूनच पुढच्या शर्यतीचं इंजिन यायचं असतं.